दूताचा परवाना

जगातील राष्ट्रांची सभा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिचे भव्य सभागृह येते, देशोदेशींचे ध्वज येतात, भाषणे करणारे मुत्सद्दी येतात. परंतु त्या सभागृहाच्या पायरीपर्यंत पोचण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीला आणखी एक दार ओलांडावे लागते, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सभा साऱ्या जगाची असली तरी ती भरते कोणत्या तरी एकाच देशाच्या भूमीवर. मांडव सर्वांचा, पण अंगण एकाचे, असा हा प्रकार आहे. त्या अंगणात पाऊल टाकण्यासाठी अंगणाच्या धन्याचा परवाना लागतो. त्यालाच आज सर्वत्र व्हिसा म्हणतात. आता धन्याला पाहुणा नावडता असेल तर त्याने तो परवाना नाकारावा काय? आणि नाकारलाच, तर ती सभा जगाची राहिली की त्या धन्याची झाली? आजच्या भाषणात मी या प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे.

हा प्रश्न न्यूयॉर्कचा किंवा जिनिव्हाचा, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. पण आमच्या मालवणच्या किनाऱ्याला तो काही शतकांपासून परिचित आहे. परवान्यावाचून समुद्रात निघालेल्या गलबताचे काय होते, हे या किनाऱ्यावरच्या नाखव्यांना आणि व्यापाऱ्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नव्हते.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. आज आपण न्यायालयात बाजू मांडणाऱ्याला वकील म्हणतो. पण मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी. त्यालाच हेजीब असेही म्हणत. त्याला निर्धास्तपणे येता-जाता यावे म्हणून जे अभयवचन दिले जाई, तो कौल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'दिलेला शब्द' असा आहे. दक्षिण कोकणात हा शब्द देवळातही नांदतो. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालून आपण कौल घेतो, आणि देवाने उजवा कौल दिला की गावकरी निश्चिंत मनाने कामाला लागतात. राजाचा कौलही तसाच असे. तो एकदा दिला की फिरवायचा नाही, फिरवला तर देणाऱ्याची पत गेली. वाटेवरच्या चौक्यांवर दाखवायचा कागद म्हणजे दस्तक. कौल हा शब्द होता, दस्तक हे त्या शब्दाचे कागदी रूप होते.

दूताला अपाय करू नये हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. लंकेत पकडलेल्या मारुतीला ठार मारण्याची आज्ञा रावणाने केली, तेव्हा दूताचा वध निषिद्ध आहे असे बिभीषणानेच त्याला बजावले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रानेही दूत अवध्य मानला आहे, कारण दूत बोलतो ते धन्याचे शब्द असतात. पण या जुन्या नियमात एक उणीव होती. दरबारात येऊन पोचलेल्या दूताचे रक्षण त्यात होते. जो अजून यायचाच आहे, त्याला येऊ द्यावे की नाही, याविषयी तो नियम बोलत नव्हता. ते सर्वस्वी राजाच्या मर्जीवर होते. पुढचा सारा इतिहास या उणिवेचा इतिहास आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज या समुद्रात आले आणि त्यांनी एक नवा दंडक घातला. अरबी समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताने त्यांचा परवाना विकत घ्यावा. त्यात नाखव्याचे नाव, गलबतावरची हत्यारे, माल आणि जाण्याचे बंदर यांची नोंद असावी. परवाना नसेल तर गलबत आणि माल दोन्ही जप्त. या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. मिऱ्यांसारखा माल नेण्यास त्यात बंदी असे. त्या काळी समुद्र कोणाच्याच मालकीचा नव्हता, तरी ज्याच्या तोफा लांब पल्ल्याच्या त्याने त्यावर आपला उंबरठा घातला. सम्राट अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ च्या सुमारास राजघराण्यातील स्त्रियांसह मक्केच्या यात्रेस निघाली, तेव्हा पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला सुरतेत दीर्घकाळ खोळंबून राहावे लागले. ज्याच्या शब्दावर हिंदुस्थानचा निम्मा मुलूख हालत होता, त्या बादशहाच्या घरच्या बायकांना समुद्राच्या काठावर एका परक्या अधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहावी लागली. यावरून त्या कागदाचे वजन लक्षात यावे.

श्रीशिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याचे मर्म या पार्श्वभूमीवर अधिक उमगते. दुसऱ्याच्या परवान्यावर चालणारा किनारा हा आपला किनारा नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर तोच दंडक उलटा फिरवला. आमच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आमचे दस्तक घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी त्यांना चाचे म्हटले. पण पोर्तुगीजांनी परवाना विकला की तो कायदा आणि आंग्र्यांनी मागितला की ती चाचेगिरी, हा न्याय कोणत्या तराजूत तोलला होता, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

परवाना आणि दूत या दोहोंचे नाते ज्यात विलक्षण रीतीने प्रकट झाले, तो प्रसंग आग्र्याचा. मे १६६६ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर विसंबून महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह आग्र्यास गेले. मिर्झाराजांच्या पुत्राने, रामसिंगाने, जामीनकी पत्करली. तरीही दरबारातील प्रसंगानंतर महाराजांभोवती पहारे बसले. म्हणजे कौल मोडला. यानंतर महाराजांनी जी पहिली पावले टाकली, त्यांतले एक फार विचार करण्याजोगे आहे. आपल्याबरोबर आलेल्या माणसांना दक्षिणेत परत जाऊ द्यावे, त्यांना दस्तके द्यावीत, अशी विनंती त्यांनी बादशहास केली. शत्रूजवळची माणसे कमी होतात तेवढे बरे, असे वाटून बादशहाने ती आनंदाने दिली. अशा रीतीने महाराजांनी बादशहाच्याच शिक्क्याखाली आपली माणसे सुखरूप बाहेर काढली. ऑगस्ट महिन्यात ते स्वतः निसटले, ते मात्र कोणत्याही दस्तकावाचून.

पण त्यांचे वकील मागे सापडले. रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर या दोघांना आग्र्याचा कोतवाल फुलादखान याने पकडून त्यांचे अतोनात हाल केले. ते दोघे पुढे सुटले आणि स्वराज्यात परतले. शाळेत आग्र्याच्या सुटकेचा धडा शिकविताना मिठाईच्या पेटाऱ्यांपाशी मुलांचे डोळे चमकत. या दोन वकिलांपाशी धडा क्वचितच थांबे. वस्तुतः दूताच्या संरक्षणाचा नियम का हवा, हे पेटाऱ्यांपेक्षा त्या दोघांच्या अंगावरच्या वळांनी अधिक चांगले शिकवले असते. धन्याने बाजी मारली की तिची किंमत बहुधा दूताला मोजावी लागते.

याच्या उलट चित्र १६७४ च्या उन्हाळ्यात रायगडावर दिसते. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची बोलणी करण्यासाठी आला. महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला काही दिवस पाचाडास थांबावे लागले. पण त्याच्या जिवाला वा मानाला धक्का लागला नाही. दुभाषाचे काम नारायण शेणवी याने केले. ६ जूनच्या सोहळ्यात ऑक्झिंडेनने नजराणा अर्पण केला आणि पुढे काही दिवसांतच तह झाला. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण येथे वखारी घालण्याची परवानगी इंग्रजांना मिळाली. त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. पण कोकणच्या किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत द्यावा, या मागणीला महाराजांनी हरकत घेतली. दूताचा सत्कार करावा, त्याला सुरक्षित पोचवावे, आणि तरीही त्याची प्रत्येक मागणी मान्य करण्याचे बंधन मानू नये, ही खरी राजनीती. दूताला दार उघडणे म्हणजे त्याच्यापुढे मान तुकवणे नव्हे. हा भेद आजच्या कित्येक बलाढ्य राष्ट्रांनाही उमगलेला दिसत नाही.

शंभर वर्षांनी चित्र पालटले. आता आपले वकील त्यांच्या दारी जाऊ लागले. १७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांच्या वतीने हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण आणि मणियार रतनजी हा पारशी गृहस्थ लंडनला पोचले. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे समजण्याचा तो काळ. परक्या मुलखात ब्राह्मणाने अन्न शिजवावे कोठे, संध्या करावी कोठे, हाच मोठा पेच. तेव्हा प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतील काचगृह त्यांच्या स्वयंपाकपाण्यासाठी व पूजाअर्चेसाठी मोकळे करून दिले. कोणताही करार त्याला तसे करण्यास भाग पाडत नव्हता. पाहुण्याला नुसते आत घेणे पुरेसे नसते, त्याला त्याच्या रीतीने जगता आले पाहिजे, एवढे त्या एका इंग्रजाने ओळखले होते. आज दूताच्या कुटुंबाला, नोकरचाकरांना आणि सामानसुमानाला जे संरक्षण कायद्याने मिळते, त्याचे बीज अशा माणुसकीत आहे.

रंगो बापूजी गुप्ते यांच्या वाट्याला मात्र असा बर्क सहजी आला नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठवले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे झगडत राहिले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन यांच्यासारख्या न्यायप्रिय इंग्रजांनी त्यांची बाजू उचलून धरली. पण कंपनीचे म्हणणे साधे होते : ज्याला राजा म्हणून आम्ही मानत नाही, त्याच्या वकिलाला वकील म्हणून का मानावे? रंगो बापूजींना लंडनमध्ये राहण्यास कोणी मज्जाव केला नाही, बोलण्यासही केला नाही. फक्त त्यांच्या वकिलीला मान्यता दिली नाही. मध्यंतरी १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस निवर्तले, १८४८ मध्ये सातारचे राज्यही खालसा झाले. धनी नाही, राज्य नाही, पदरी पैसा नाही, अशा अवस्थेत तो स्वामिनिष्ठ पुरुष मायदेशी परतला. १८५७ च्या धामधुमीत ते परागंदा झाले आणि त्यांचा पुत्र सीताराम साताऱ्यात फाशी गेला. दूताच्या कुटुंबाला दूताच्या कार्याची झळ कशी लागते, याचे यापेक्षा दारुण उदाहरण आपल्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

येथपर्यंत परवाना हा दूताच्या संरक्षणाचा कागद होता. पहिल्या महायुद्धाने त्याचे रूप बदलले. युद्धाच्या निमित्ताने सर्व देशांनी आपापली दारे लावून घेतली आणि पारपत्राशिवाय प्रवास अशक्य झाला. मग सरकारला नको असलेल्या माणसाला तुरुंगात घालण्याची गरज उरली नाही. त्याला पारपत्र नाकारले म्हणजे झाले. याचा अनुभव लोकमान्य टिळकांना दोनदा आला. एप्रिल १९१८ मध्ये होमरूलचे शिष्टमंडळ विलायतेस नेण्यासाठी ते कोलंबोपर्यंत पोचले. नरसिंह चिंतामण केळकर, दादासाहेब खापर्डे प्रभृती मंडळी बरोबर होती. तेथे पारपत्रे रद्द झाल्याचे कळले आणि सर्वांना माघारी फिरावे लागले.

दुसरा अनुभव याहूनही बोलका आहे. त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी टिळकांना इंग्लंडला जाऊ देण्यात आले. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली. टिळक लंडनमध्ये, परिषद पॅरिसमध्ये. मध्ये एक चिंचोळी खाडी. पण ती ओलांडण्याचे पारपत्र त्यांना मिळाले नाही. मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमेंसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. जेथे माणूस जाऊ शकत नव्हता, तेथे त्याचे पत्र गेले. तिकडे हिंदुस्थानच्या नावाने परिषदेत बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची सही झाली आणि पारतंत्र्यातला आपला देश राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. खुर्ची हिंदुस्थानची, पण तीवर कोण बसणार हे ठरवणारा हात परका. लोकांनी निवडलेला प्रतिनिधी खाडीच्या अलीकडे आणि सरकारने नेमलेला पलीकडे, एवढ्यात त्या काळच्या आपल्या स्थितीचे सारे वर्णन येते.

त्याच वर्षी कोकणचा आणखी एक सुपुत्र सातासमुद्रापार गेला. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी हे भारतसेवक समाजाचे कार्यकर्ते. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते उपस्थित राहिले. येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. परिषद अमेरिकेच्या राजधानीत भरली, पण अमेरिका स्वतः त्या संघटनेची सभासद नव्हती. ती झाली १९३४ मध्ये. म्हणजे सभासद नसलेल्या यजमानाच्या घरी सभासदांची पंगत बसली, आणि ती निर्विघ्नपणे उठली. त्या परिषदेने कामाच्या तासांविषयी जो करार केला, त्यात हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालण्यात आली, आणि १९२२ पासून आपल्या कारखान्यांच्या कायद्यात ती उतरली. गिरणगावातल्या ज्या चाकरमान्यांनी मालवणी मुलखातली घरे मनीऑर्डरींवर जगवली, त्यांच्या दिवसाचे तास कमी होण्याचा एक धागा वॉशिंग्टनच्या त्या सभेपर्यंत पोचतो. प्रतिनिधीला दार उघडे मिळाले तर काय साधते, हे यावरून कळावे. जोशी हे सरकारनियुक्त असल्याने कामगारांचा प्रतिनिधी कोणी निवडावा हा वाद मात्र उठला, आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन होण्यास जी कारणे झाली, त्यांत हेही एक होते.

राष्ट्रसंघाच्या घटनेच्या सातव्या कलमात प्रतिनिधींना संघाच्या कामावर असताना राजदूतांचे विशेषाधिकार देण्यात आले होते. राष्ट्रसंघ मोडला, दुसरे महायुद्ध झाले आणि १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली. तेथेही हिंदुस्थानचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले, रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखालचे. आणि सभागृहाबाहेर स्वतंत्र हिंदुस्थानची बाजू मांडत होत्या विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे माहेर अलाहाबादचे नेहरू घराणे हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या सासरचे मूळ गाव बांबुळी, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतरकार. कारावासाने खंगून ते जानेवारी १९४४ मध्ये निवर्तले. सॅन फ्रान्सिस्कोत बाहेर उभी असलेली हीच विधवा स्त्री दीड वर्षाने, १९४६ मध्ये, भारताच्या अधिकृत शिष्टमंडळाची नेता म्हणून न्यूयॉर्कच्या आमसभेत बसली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायाचा ठराव तिने ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे दोनतृतीयांश बहुमताने, संमत करून घेतला. १९५३ मध्ये ती आमसभेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. टिळकांच्या वाट्याला न आलेले दार बांबुळीच्या सुनेला असे उघडे मिळाले.

आता त्या दाराचा कायदा पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाचे ठाणे न्यूयॉर्कला असावे असे ठरल्यावर २६ जून १९४७ रोजी राष्ट्रसंघ आणि अमेरिका यांच्यात करार झाला. त्यातील अकरा, बारा आणि तेरा ही तीन कलमे आपल्या विषयाचा गाभा आहेत. अकरावे कलम सांगते की, सभासद राष्ट्रांचे प्रतिनिधी, राष्ट्रसंघाचे अधिकारी, या दोहोंची कुटुंबे, तज्ज्ञ, वृत्तपत्रांचे बातमीदार आणि राष्ट्रसंघाने बोलावलेली इतर माणसे यांच्या जाण्यायेण्यात अमेरिकेने अडथळा आणू नये. बारावे कलम सांगते की, त्या माणसाच्या सरकारचे आणि अमेरिकेचे संबंध कसेही असोत, हा नियम लागू राहील. तेरावे कलम सांगते की, व्हिसा लागत असेल तर तो विनामूल्य आणि शक्य तितक्या लवकर द्यावा. कौटिल्याच्या काळापासून राहून गेलेली उणीव येथे कागदावर भरून निघाली. आलेल्या दूताचे रक्षण तर होतेच, पण येऊ पाहणाऱ्या दूताला वाट देणे हेही आता यजमानाचे कर्तव्य ठरले. आणि कुटुंबाचा उल्लेख स्पष्टपणे केला गेला, कारण बायकामुलांना उंबरठ्याबाहेर ठेवून दूताचे मन कामात लागत नाही, हे शहाणपण करार करणाऱ्यांना होते.

पुढे १९५२ च्या अमेरिकन कायद्याने या व्हिसांचे वर्ग पाडले. कायम ठाण मांडून राहणारे प्रतिनिधी व त्यांची कुटुंबे यांचा जी-१ वर्ग. एखाद्या बैठकीपुरते येणाऱ्यांचा जी-२. ज्या सरकारांना अमेरिका मानत नाही वा जी सभासद नाहीत त्यांच्या प्रतिनिधींचा जी-३. संघटनेच्या अधिकाऱ्यांचा व त्यांच्या कुटुंबांचा जी-४. आणि या सर्वांच्या घरच्या नोकरचाकरांचा जी-५. यांतील तिसरा वर्ग वाचताना मला रंगो बापूजी आठवतात. यजमान तुमच्या धन्याला मानत नसला तरी तुम्हाला आत येऊ देईल, एवढी सोय व्हायला त्यांच्यानंतर शंभर वर्षे लागली.

मात्र कागदावर लिहिलेला शब्द पाळला जातोच असे नाही. करार मंजूर करताना अमेरिकेने आपल्या सुरक्षिततेच्या रक्षणाचा हक्क राखून ठेवला होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये याच कारणाने पॅलेस्टाइनचे नेते यासर अराफत यांना व्हिसा नाकारण्यात आला. तेव्हा आमसभेने एक असामान्य गोष्ट केली. पाहुण्याला मांडवात येऊ देत नाहीत, तर मांडवच पाहुण्याकडे नेऊ, असे १५४ विरुद्ध २ मतांनी ठरवून ती बैठक डिसेंबरात जिनिव्हा येथे भरवली आणि अराफत तेथे बोलले. २०१४ मध्ये इराणने नेमलेले हमीद अबुतालेबी यांना व्हिसा मिळाला नाही. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीवर ज्यांनी कब्जा केला त्यांच्याशी यांचा संबंध होता, असे अमेरिकेचे म्हणणे. आपण केवळ भाषांतराचे काम केले, असे त्यांचे. त्या वेळी ५२ अमेरिकनांना ४४४ दिवस ओलीस धरले गेले होते, हे विसरता येत नाही. एका बाजूने दूताचे अभय मोडले की त्याचा सल पस्तीस वर्षांनी दुसऱ्या दाराला कुलूप लावतो. २०२५ मध्ये पॅलेस्टाइनचे अध्यक्ष महमूद अब्बास यांनाही व्हिसा नाकारला गेला आणि त्यांनी आमसभेपुढे आपले भाषण दूरचित्राच्या द्वारे केले. टिळकांचे पत्र गेले होते, अब्बास यांचे चित्र गेले. माणूस दोन्ही वेळा बाहेरच राहिला. यजमान देशाविषयीच्या अशा तक्रारी ऐकण्यासाठी १९७१ मध्ये राष्ट्रसंघाने एक समिती नेमली. पण तिच्या हाती चर्चा आहे, किल्ली नाही.

महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे शेवटचे उदाहरण सांगतो. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्क येथील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी नेलेल्या स्त्रीच्या व्हिसाच्या अर्जात तिच्या वेतनाची खोटी माहिती दिली, असा आरोप होता. तो त्यांनी नाकारला. अटकेच्या व झडतीच्या रीतीने भारतात संताप उसळला आणि दिल्लीतील अमेरिकन वकिलातीबाहेरचे अडथळे सरकारने हटवले. प्रश्न कायद्याचा होता. वाणिज्यदूताला १९६३ च्या व्हिएन्ना कराराने अभय मिळते ते फक्त सरकारी कामापुरते. राजदूताला आणि राष्ट्रसंघातील प्रतिनिधीला ते संपूर्ण मिळते. भारताने त्यांची बदली राष्ट्रसंघातील आपल्या कायम प्रतिनिधी कार्यालयात केली. ८ जानेवारी २०१४ रोजी त्यांना जी-१ व्हिसा मिळाला, दुसऱ्या दिवशी आरोपपत्र दाखल झाले आणि त्या मायदेशी परतल्या. १२ मार्च रोजी न्यायाधीशांनी ते आरोपपत्र फेटाळले, कारण ते दाखल झाले त्या दिवशी त्यांना संपूर्ण अभय होते. दोन दिवसांनी नवे आरोपपत्र आले. अक्षरांच्या एका फरकाने मनुष्य कोठडीच्या आत की बाहेर हे ठरते, एवढे या कागदात बळ आहे.

या प्रकरणात आपल्या अधिकाऱ्याच्या मानाविषयी आपण सारे तळमळलो, ते योग्यच होते. परंतु त्या घरात आणखी एक स्त्री होती आणि तीही भारताचीच होती. दूताचे अभय हे त्याच्या कार्यासाठी असते, त्याच्या हाताखालच्या माणसाच्या मजुरीवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे. आरोप खरे की खोटे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण ज्याला संरक्षण मिळाले त्याची जबाबदारी संरक्षणाबरोबर वाढते, हा धडा कोणत्याही निकालावर अवलंबून नाही. नारायण मल्हार जोशी वॉशिंग्टनला गेले होते ते अशाच कष्टकऱ्यांच्या तासांसाठी आणि मजुरीसाठी, हेही या ठिकाणी आठवावे.

श्रोतेहो, आता आपण केवळ पाहुणे राहिलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशियाचे प्रादेशिक कार्यालय १९४९ पासून दिल्लीत आहे आणि इतरही आंतरराष्ट्रीय संस्थांची ठाणी भारतात आहेत. त्यांच्या प्रतिनिधींना अभय देणारा आपला कायदाही १९४७ चाच आहे. म्हणून यजमानाने कसे वागावे हा प्रश्न आपण दुसऱ्याला विचारतो, तसाच तो आपल्यालाही विचारला जाणार. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जायला नको. आग्र्याच्या बादशहाचे सामर्थ्य मोठे होते, तरी कौल मोडल्याचा डाग त्याच्या नावावरून पुसला गेला नाही. रायगडाचे राज्य नुकतेच सिंहासनावर बसत होते, तरी तेथे आलेला वकील मानाने आला, काही मागण्यांना होकार आणि एकीला हरकत ऐकून मानाने परतला. शक्तिमान कोण हे तोफांवरून कळते. यजमान म्हणवून घेण्यास कोण योग्य, हे नावडत्या पाहुण्याला त्याने उंबरठ्यावर कसे वागवले यावरून कळते.